साप्ताहिक पास

तत्त्वापुढे मायेची गय करायची नाही, असा निवृत्त वजनमापे निरीक्षकांचा आयुष्यभराचा बाणा होता. लेकीच्या बाबतीत हा बाणा चार वर्षं टिकला आणि एका तिकीट खिडकीपुढे साडेसहा मिनिटांत गळाला.

चार वर्षांपूर्वी लेकीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. "जो माणूस दिवसभर वरखाली करतो, त्याच्या स्थैर्याचा काय भरवसा?" असं म्हणून निरीक्षकांनी तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. आता बायकोचे डोळे महानगरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचे होते. सोमवारी तपासणी, शनिवारी निकाल. दवाखान्याजवळच्या लॉजवर उतरायचं आणि मधल्या दिवसांत लेकीकडे फक्त एकदा, औपचारिक जाऊन यायचं, असं ठरलं. लॉजचा पत्ता लेकीला कळवायचा नाही, हेही ठरलं. म्हणजे निरीक्षकांनी ठरवलं. बायकोने "बरं" म्हटलं होतं, आणि तिच्या "बरं"ला ते तीस वर्षं घाबरत आले होते.

लेकीने फोनवर सांगितलं होतं, कुठेही उतरलात तरी भुयारी गाडीने मुख्य चौकात या, तिथून ट्रामने आमचा थांबा. मंगळवारी निरीक्षक खिडकीशी उभे राहिले.

"दोन परतीची द्या."

"परतीचं तिकीट नसतं, काका," आतली बाई म्हणाली. "गाडीचं वेगळं, ट्रामचं वेगळं. म्हणजे जाऊन येऊन माणशी चार तिकिटं. किंवा दिवसाचा पास, तो पाच तिकिटांना पडतो. किंवा आठवड्याचा, दहा तिकिटांना. किती वेळा जाणार?"

"एकदाच."

"मग सुटी तिकिटं घ्या."

इथे विषय संपायला हवा होता. पण निरीक्षकांची नजर भिंतीवरच्या दरपत्रकावर गेली आणि आतला निरीक्षक जागा झाला. दोनदा गेलं तर आठ. तीनदा गेलं तर बारा, म्हणजे पास दोन तिकिटांनी स्वस्त. रोज गेलं तर... त्यांचे ओठ हलू लागले. मागे रांग लांबत होती.

"आजोबा, गाडी घेताय की तिकीट?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यांचं चालू द्या," बायको रांगेला शांतपणे म्हणाली. "एकदाच जायचंय त्यांना. तिसऱ्या फेरीपासूनचा नफा ते शहराला सोडून देणारेत."

निरीक्षकांनी चाळीस वर्षं कुणा वाण्याला एक ग्रॅम सोडला नव्हता.

"अगं, पण रोज जायचंच नाही, तर—"

"नाहीच जायचं. मी कुठे म्हणतेय जा?" असं म्हणत तिने पर्स उघडली आणि खिडकीतून पैसे सरकवले. "आठवड्याचे दोन पास द्या गं बाई."

खटकन शिक्का पडला. पास परत घेतला जात नाही, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी निरीक्षक लेकीकडे पंधरा मिनिटं बसले. पाणी प्यायले, पंख्याकडे पाहिलं, निघाले. बुधवारी दारात उभे राहून म्हणाले, "पास आहे, म्हणून आलो."

"हो का? या ना," लेक म्हणाली आणि पटकन आत वळली. तिचे डोळे त्यांना दिसले नाहीत. बायकोला, डोळ्यांत औषध असूनही, दिसले.

गुरुवारी जावई घरी होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने सांगितलं, लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ती हलत नाही. ते बरोबर चालतंय का, हे आम्ही आत वजनं ठेवून बघतो.

"कसली वजनं?" निरीक्षकांची मान वळली.

"लोखंडाची. वीस वीस किलोची."

"शेवटची कधी तपासली?"

"वजनं? ती कशाला तपासायची? वजनंच आहेत ती."

लेकीने कपाळाला हात लावला. पण निरीक्षक खुर्ची ओढून जवळ सरकले. लोखंड झिजतं, गंजतं, रंगाच्या थराने जड होतं, हे त्यांनी जावयाला दोन कप चहा होईपर्यंत समजावलं. जावयाने कागद घेऊन टिपून ठेवलं. निरीक्षकांच्या उभ्या आयुष्यात त्यांचं बोलणं कुणी टिपून घेतलं नव्हतं; लोक बहुतेक मागच्या दाराने पळून जात.

शुक्रवारी ते दोनदा गेले. सकाळी जावयाबरोबर त्याच्या कार्यशाळेत. तिथल्या आठ वजनांपैकी तीन हलकी निघाली आणि निरीक्षकांचा चेहरा कित्येक वर्षांत खुलला नव्हता एवढा खुलला. संध्याकाळी पुन्हा, कारण सकाळी छत्री लेकीच्या घरी राहिली होती. छत्री बायको विसरली होती, नीट कपाटामागे.

शनिवारी निकाल आला. डोळे ठीक होते, पण पुढचे तीन महिने दर पंधरवड्याला दाखवायला यायचं होतं. ही बातमी निरीक्षकांनी लेकीला अशी दिली, की जणू पगारवाढ झाली.

"मग आता आमच्याकडेच उतरायचं," लेक म्हणाली. "लॉजबिज काही नाही, बाबा."

निरीक्षक जरा वेळ टेबलावरचा कप सरळ करत राहिले.

"बघू," ते म्हणाले. "तशी मी चौकशी केली आहे. तीन महिन्यांचाही पास असतो."

लेक हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. बायकोने पदर पुढे केला.

संध्याकाळी निघायच्या वेळी कळलं की रुळांच्या कामासाठी ट्राम बंद आहे. जावयाने चपला घातल्या. "चला, मी सोडतो. लॉज कुठलं तुमचं?"

पाच दिवसांत प्रथमच निरीक्षकांनी लॉजचं नाव सांगितलं. जावई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला, मग चालू लागला. बाजाराची गल्ली, शाळेचं कुंपण, पेट्रोल पंप.

लेकीच्या दारापासून लॉजच्या दारापर्यंत चालत नऊ मिनिटं लागली.