कोपराने उघडणारा नळ

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. पण मला बादल्या भरणारा ऐरागैरा नळ समजू नका! एका मोठ्या रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर माझी जागा आहे. मला हाताने कोणी उघडत नाही. माझा लांब दांडा कोपराने ढकलला की पाणी सुरू होते. कारखान्यात घडलो तेव्हा या बेढब दांड्याची मला लाजच वाटायची. इथे आल्यावर कळले, की त्याच्यामुळेच तर माझा मान आहे.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टर माझ्याकडे येतात. नखांपासून कोपरांपर्यंत हात घासून धुतात आणि ते छातीसमोर वर धरून आत जातात. एकदा धुतले की कशालाही शिवायचे नाही, अगदी नाक खाजले तरी! त्याच हातांनी ते फाटलेले आतडे शिवतात, अडकलेले बाळ अलगद बाहेर काढतात. इतकी वर्षे झाली, तरी ते हात आत जाताना पाहून मी थक्क होतो.

त्यांतलेच दोन हात चिमणीचे. ती शिकाऊ डॉक्टर, भारी बडबडी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. हात धुताना ती गुणगुणायची. पुढे तिचे गुणगुणणे थांबले. ड्यूटीला जोडून ड्यूटी, वॉर्डात सगळ्यांची बोलणी, आणि जेवणाचा डबा तसाच परत. मला फार वाईट वाटे, पण नळाचे कोण ऐकणार?

एके दुपारी ती हात धुऊ लागली आणि धुतच राहिली. कातडी लाल झाली.

"अगं, झाले की धुऊन! सोलतेस की काय?" थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"धुतले का मी? सिस्टर, मला आठवतच नाहीये."

तिने हात छातीसमोर वर धरले. डोळे वाहू लागले, पण धुतलेल्या हातांनी ते पुसता येईनात. सिस्टरनीच कापसाने हळूच पुसले.

शेजारी मोठे सर हात धुऊन उभे होते. 'आमच्या वेळी आम्ही उभ्याउभ्या झोपायचो,' हे त्यांचे नेहमीचे पालुपद. आता चिमणीची काही धडगत नाही, या धास्तीने मी टपटप गळू लागलो.

"झोपलीस कधी?" सरांनी विचारले.

"आठवत नाही, सर. पण मी येते आत. मी ठीक आहे."

"नाहीयेस तू ठीक." आणि सरांनी धुतलेला हात खाली आणून तिच्या खांद्यावर ठेवला.

"सर, हात!" सिस्टर ओरडल्या.

"हात काय, परत धुता येतात," सर म्हणाले. "आमच्या वेळी आम्हाला कुणी घरी जा म्हटलं नाही गं. म्हणून मीही म्हणायचं नाही, असं थोडंच आहे? जा, झोप. आत मी दुसऱ्या कुणाला तरी घेतो. उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर."

सर पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले. मी असंख्य हात धुतले, पण इतक्या आदराने कोणाच्याच हातांवर पाणी सोडले नव्हते.

चिमणीला सावरायला वेळ लागला. आता ती पुन्हा कामावर येते. ड्यूटीच्या वेळांसाठी सर वरच्यांशी भांडत असतात. थोडे जमले आहे, बरेच बाकी आहे. माझ्या जागी म्हणे हात दिसताच आपोआप वाहणारा नळ बसणार आहे. बसू दे.

मित्रांनो, जाण्याआधी एकच मागणे आहे. तुमच्या ओळखीची एखादी मावशी, एखादा काका डॉक्टर असेल, तर त्यांना विचारा, 'जेवलात का? झोपलात का?' आणि 'मी ठीक आहे' असे उत्तर आले, तरी लगेच खेळायला पळू नका. थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.