काडीमोडीची साक्ष

तव्यावरच्या भाकरीवर शालिग्राम पाण्याचा हात फिरवत होता, तेवढ्यात दारातला उजेड अडला. शेजारची सत्यभामाबाई असेल असं समजून त्यानं मान वळवली नाही.

"मीठ फडताळात हाय, घ्या," तो म्हणाला.

कोणी आत आलं नाही. त्यानं वळून पाहिलं. उंबऱ्याबाहेर एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, हातात एक गाठोडं. रविवार होता, जिनिंगचा भोंगा वाजला नव्हता आणि गल्लीत अजून जाग यायची होती. त्यानं डोळे बारीक केले.

"मी सोजरा," ती म्हणाली.

तो तसाच बसून राहिला. भाकर उलटायची राहून गेली आणि खोलीत करपल्याचा वास भरला. मग त्यानं घाईघाईनं तवा उतरवला, हात धोतराला पुसले.

"ये. बस."

ती दाराजवळच, भिंतीला पाठ न टेकता बसली. त्यानं तांब्या भरून तिच्यासमोर ठेवला. ती पाणी प्यायली तेव्हा त्याला तिचे हात दिसले. भाजीच्या वाफ्यात राबून राबून बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. त्याच्या डोक्यात होते ते हात असे नव्हते.

"हिंमतराव?" त्यानं विचारलं.

"दिवाळीच्या आंधी गेले. मोट हाकता हाकता खाली बसले, ते उठलेच नाही."

शालिग्रामनं नुसती मान हलवली. 

ती दोन वर्षं त्याची बायको होती. दुसरबीडला, त्याच्या बापाच्या घरात. ते दोघं एकमेकांशी कधी भांडले नव्हते, भांडले ते त्यांचे बाप. एका लग्नात सोजराच्या बापाला पहिल्या पंगतीत पाट मिळाला नाही. तो ताटावरून उठून गेला आणि जाताना लेकीलाही घेऊन गेला. शालिग्रामच्या बापानं न्यायला जायचं नाही अशी आण घेतली, तिच्या बापानं पाठवायचं नाही अशी. वर्ष तसंच गेलं आणि मग जातीच्या पंचांनी काडी मोडून दोघांना मोकळं केलं. पुढच्या उन्हाळ्यात सोजराचा बीबी गावच्या हिंमतरावाशी पाट लागला, दुसरं लग्न झालं. बाप वारल्यावर शालिग्राम गाव सोडून नांदुऱ्याला आला आणि जिनिंगमध्ये कामाला लागला. त्यानं दुसरं घर केलं नाही. सुरुवातीला गल्लीतल्या बायका विचारत, तेव्हा तो सांगे, "बायको माहेरी गेली हाय." काही वर्षं बायका हसत. पुढं विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

"कायले आली होती?" त्यानं विचारलं.

सोजरानं पदर सारखा केला. "दीर हाय माहा, रंगराव. तो म्हनते, हे वयनी नाहीच. म्हनते, हिचा पयला नवरा जिवंत हाय, हिची फारकत झालीच नाही, मंग पाट कसा झाला? मळा त्याले पायजे. मेहकरच्या कोर्टात दावा चालू हाय."

"पंच होते ना."

"कोनते पंच? सगळे गेले. अर्जुनराव राह्यले होते, तेबी औंदा होळीले गेले. वकील म्हनते, आता एकच मानूस राह्यला." ती थांबली. "मळ्याचं जाऊ द्या. माही लेक हाय, अन्नपूर्णा. तिची सोयरीक जमली होती. रंगरावानं पाव्हन्याइच्या घरी जाऊन सांगतलं, पोरगी बिनलग्नाची हाय. त्याइनं सुपारी थांबवली."

तेवढ्यात सत्यभामाबाई रिकामी वाटी घेऊन खरंच आली. दारातल्या बाईला पाहून ती थबकली. तिनं सोजराकडे पाहिलं, शालिग्रामकडे पाहिलं, आणि तिची जुनी चेष्टा ओठापर्यंत येऊन थांबली. मोकळं कपाळ तिला दिसलं असावं.

"कोन पाव्हनी?" तिनं विचारलं.

"गावाकडची," शालिग्राम म्हणाला.

सत्यभामाबाई मीठ घेऊन गेली. सोजरा जमिनीकडे पाहत होती.

"काय सांगावं लागन?" त्यानं विचारलं.

"काडी तुमी तुमच्या हातानं मोडली, येवढंच."

त्यानं करपलेली भाकर उचलून बाजूला ठेवली. दुसरीचं पीठ परातीत होतं, ते तो पुन्हा मळू लागला. बराच वेळ मळत राहिला.

"जेवून जाय," तो म्हणाला.

"नाही. खामगावची गाडी भेटनार नाही."

"येईन मी," शालिग्राम म्हणाला. ती गल्लीच्या टोकाशी जाईपर्यंत तो दारात उभा होता.

मेहकरला जायचा दिवस येईपर्यंत रोज रात्री त्याला झोप लागायची, पण मधेच तुटायची. दुसरबीडच्या मारुतीचा पार डोळ्यांपुढं यायचा. एका बाजूला त्याचा बाप, दुसऱ्या बाजूला तिचा, मधे पंच, आणि बायकांच्या घोळक्यात पदर पुढं ओढून बसलेली ती. कोणीतरी छपराची काडी ओढून आणली. अर्जुनरावांनी ती त्याच्या हातात दिली. मोड म्हणाले. बाप मागून खाकरला. त्यानं दोन बोटांत काडी धरली, वाकवली. रात्रीच्या दवानं ओली काडी नुसती वाकली, आणि त्यानं तिला तसंच वाकू दिलं. आणखी जोर लावला नाही. अर्जुनराव क्षणभर थांबले, मग त्यांनी काडी त्याच्या हातातून काढून घेतली, कटकन मोडली आणि दोन तुकडे दोन बाजूंना फेकले. "मोकळे झाले," ते म्हणाले. लोक उठले, पानसुपारी फिरली. कोणाच्याच ध्यानात आलं नाही. त्याच्या मात्र आलं होतं. ज्याची बायको त्यानंच काडी मोडायची, हा जातीचा नेम त्याला लहानपणापासून ठाऊक होता.

तो काही बोलला नव्हता. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. नांदुऱ्याच्या खोलीत त्याला फक्त एवढं पक्कं माहीत होतं, की त्याच्या हातानं ती काडी मोडलेली नाही.

चिंतामणराव वकिलांचं घर मेहकरच्या कोर्टामागं होतं. सुनावणीच्या दिवशी सकाळी त्यांनी शालिग्रामला ओट्यावर बसवून घेतलं. सोजरा खाली पायरीवर बसली.

"घाबरायचं काही नाही," वकील म्हणाले. "हा लग्नाचा नवा कायदा आला तरी त्यानं जुन्या रूढी पुसून टाकलेल्या नाहीत. ब्राह्मणांत काडीमोड नाही, तुमच्यात आहे. कायदा म्हणतो, असेल तर असू द्या. पण मग ती रीतसर झाली हे दाखवा. जेवढं तुमच्या पंचांना लागत होतं, तेवढं सगळं. पंच दोनशे माणसांसमोर बसायचे, त्यांना पुरावा लागत नव्हता. कोर्टाला लागतो."

"हाव," शालिग्राम म्हणाला.

"समोरचा वकील तुम्हाला रूढीच विचारील. खरी असेल ती सांगा. तिथं गडबड केलीत तर सगळंच जाईल."

न्यायाधीश पुण्याकडचे होते, तरुण, चष्मा लावलेले. शालिग्राम बोलला की ते क्षणभर थांबत, मग त्याचं बोलणं आपल्या भाषेत करून कारकुनाला लिहायला सांगत. शालिग्राम म्हणाला, "बापानं आन घेतली, म्हनून मी तिले आनाले गेलो नाही." ते म्हणाले, "साक्षीदाराने पत्नीस नांदवण्यास नेले नाही." शालिग्रामला ते दुसऱ्याच कोणाचं वाटलं.

रंगराव मागच्या बाकावर बसला होता. धिप्पाड, पांढरा फेटा. त्याचा वकील उठला. तो मृदू बोलणारा माणूस होता.

"तुमच्या समाजात काडी कोणी मोडायची असते?"

"नवऱ्यानं."

"पंचांनी मोडली तर चालतं?"

शालिग्रामनं कठड्यावर ठेवलेला हात उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. चिंतामणराव त्याच्याकडे पाहत होते. बाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

"नाही चालत."

"नवऱ्यानं स्वतःच्या हातानं मोडली नाही, तर काय?"

"तर मोडली नाही. बाई त्याचीच राह्यते."

वकील समाधानानं न्यायाधीशांकडे वळला, जणू त्याला हवं ते मिळालं. मग पुन्हा इकडे.

"त्या दिवशी पारावर काडी कोणी मोडली? देवाची शपथ घेतली आहे तुम्ही, हे लक्षात ठेवा."

सोजरा दाराजवळ बायकांच्या बाकावर होती. मान खाली. शालिग्रामनं तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर एक पाल होती, तिच्याकडे तो पाहत राहिला.

"मी मोडली," तो म्हणाला.

"स्वतःच्या हातानं?"

"हाव. याच हातानं."

"काडी ओली होती की वाळकी?"

"ओली होती. जोर लावावा लागला."

मागं कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हसणं थांबलं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, सावकाश, त्याला कळावं म्हणून, "म्हणजे त्या दिवसापासून तुमचं आणि या बाईंचं काही नातं उरलं नाही?"

 कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि तो तसाच धरून बसला.

"नाही," शालिग्राम म्हणाला. "नातं नाही."

"प्रतिवादी व साक्षीदार यांत आता कोणतेही नाते नाही," न्यायाधीशांनी सांगितलं आणि टाक कागदावर चालू लागला.

बाहेर आल्यावर चिंतामणरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नेम आधी सांगितलात आणि मग साक्ष दिलीत, ते बरं झालं. आता त्याला तोंड उघडायला जागा राहिली नाही." ते घाईनं दुसऱ्या कामाला निघून गेले. निकाल पुढं सोजराच्याच बाजूनं लागला. मळा तिच्या नावावर राहिला आणि अन्नपूर्णाचं लग्न त्याच घरी झालं. पण त्या दुपारी हे अजून कोणालाच माहीत नव्हतं.

एस.टी. स्टँडच्या लिंबाखाली दोघं जरा अंतर ठेवून बसले. दोघांच्या गाड्यांना वेळ होता. सोजरानं गाठोडं सोडलं, भाकर आणि ठेचा काढला, आणि एक भाकर फडक्यावर ठेवून त्याच्याकडे सरकवली.

"तू खाय ना."

"खाते. तुमी घ्या आंधी."

तो खाऊ लागला. तिची भाकर अजूनही पातळ होती, कडेला जरा जास्त भाजलेली. त्याला आपण कसली चव आठवतोय ते समजलं आणि तो चावणं थांबवून पाणी प्यायला.

"त्या दिवशी पारावर मी पदर घेऊन बसली होती," ती रस्त्याकडे पाहत म्हणाली. "बायकाइले वाटलं, रडून राह्यली. मी रडत नव्हती. तुमच्या हाताकडं पाहत होती."

शालिग्रामचा घास हातातच राहिला.

"काडी अर्जुनरावानं मोडली," ती म्हणाली.

समोर एक हमाल डोक्यावरून मिरच्यांचं पोतं नेत होता. तो पार पलीकडे जाईपर्यंत शालिग्राम त्याच्याकडे पाहत राहिला.

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"मी? तिथं बाईचं कोन ऐकत होतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. "मले वाटलं, तुमी बोलसान. आज नाही तर उद्या. म्हनलं, मोडली नाही म्हनजे न्याले येईन हा मानूस. पाट लागेस्तवर वाट पाह्यली."

त्यानं घास फडक्यावर ठेवला.

"हिंमतरावाले सांगतलं होतं?"

"नाही. भला मानूस होता. त्याच्या जिवाले कायले घोर?" तिनं उरलेल्या भाकरी फडक्यात गुंडाळल्या. "म्हनून तुमच्याकडं मी सोता आली. दुसऱ्या कोनाले पाठवलं असतं, तर तुमी खरं सांगतलं असतं."

तो हसल्यासारखं काहीतरी करायला गेला, पण ते जमलं नाही. आपण इतकी वर्षं एकट्यानं सांभाळलेली गोष्ट एकट्याची नव्हतीच, हे त्याच्या मनात हळूहळू उतरत होतं. खोलीत तो होता, मळ्यात ती होती, आणि मधल्या दोन दिवसांच्या वाटेवर कोणी चालत निघालं नव्हतं.

लोणारकडची गाडी वळणावरून आत आली. कंडक्टर उतरून ओरडू लागला. बायामाणसं टोपल्या उचलून धावली. सोजरा गाठोड्याची गाठ मारत होती.

शालिग्राम उठून उभा राहिला. धोतर झटकलं, टोपी सारखी केली.

"बाई," तो म्हणाला, "गाडी लागली तुमची. सांभाळून जा तुमी."

त्या 'तुमी'वर तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही. मग तिनं गाठ घट्ट केली, गाठोडं काखेत मारलं आणि माणसांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.