वरचं काडतूस

व्हर्लन हकाबीने माझं नाव घालवलं ते एका पिस्तुलावरून.

पिस्तूल ब्रदर लायमनचं. ते आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचे कारभारी. रविवारी कोटाखाली पिस्तूल लावून जी माणसं चर्चच्या राखणीला बसतात, त्यांचे म्होरकेही तेच. तर त्यांचं पिस्तूल अडायला लागलं. सरावाची गोल टोकाची काडतुसं सुरळीत जायची. पण राखणीला भरायची ती पोकळ टोकाची, महागातली, त्यातलं पहिलंच चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीच्या, तोंडाशी नाक रुतवून बसायचं.

मी तेव्हा व्हर्लनच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात कामाला. काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढतं तो उतार मी पॉलिश केला. हलकासा, कापडाने. व्हर्लनने गावभर सांगितलं की टेटने, म्हणजे मी, मशीन लावून उतारच खाल्ला, बॅरल, अख्खी नळीच, गेली. मला काढलं. वर बुधवारच्या प्रार्थनेला उभा राहून म्हणाला, टेटच्या हातांसाठी देवाकडे मागा, पोरगा निष्काळजी आहे.

आई पुढच्या बाकावर होती. सगळ्यांबरोबर तिनेही डोळे मिटले.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. ह्याच माणसांसमोर व्हर्लनचं तोंड काळं करायचं.

हायवेपलीकडे मिस ओपलचं तसलंच दुकान आहे, तिथे लागलो. म्हातारी खट. म्हणायची, "तोंड इतकं आंबट करून बसू नकोस, गिऱ्हाईक पळतंय. व्हर्लनला शिव्या घालायच्या तर मागे जाऊन घाल."

आणि एक दिवस ब्रदर लायमन आले. मागच्या दाराने. व्हर्लनने नवी बॅरल टाकली होती, नव्या डब्यातली काडतुसं चालवून दाखवली होती, झकास चालली. रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये पुन्हा पहिलंच अडलं.

मी विचारलं, भरता कसं? तर घरी नातवंडं, म्हणून घरात पिस्तूल रिकामं. रविवारी पार्किंगमध्ये भरायचं. चर्च सुटलं की चेंबरमधलं काडतूस काढून, पुसून, परत मुठीतल्या मॅगझिनमध्ये सगळ्यात वर.

"म्हणजे दर रविवारी तेच?"

"तेच की. एवढं महागाचं फेकून देऊ होय?"

मी ते काढून मॅगझिनमधल्या त्याच्या खालच्या काडतुसाशेजारी उभं केलं. बुटकं. दर खेपेला पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड दाणकन पुढे यायची, टोक उतारावर आपटायचं, आणि आपटून आपटून गोळी पितळेच्या नळकांड्यात मागे दबली होती. लांबी कमी झाली की ते चढताना वाकडं चढतं, आणि अडतं. शिवाय आतली जागा कमी, म्हणजे उडवलं तर दाब भलताच. पिस्तूल हातात फुटू शकतं.

तिथेच सगळं सांगून मोकळा झालो असतो. नाही सांगितलं. त्यांना वर नवं काडतूस भरून दिलं, जुनं खिशात टाकलं आणि म्हटलं, शनिवारी तुमच्या राखणवाल्यांच्या सरावाला येतो, व्हर्लनलाही बोलवा.

शनिवारी लायमनच्या कुरणात राखणीची सगळी माणसं जमलेली. व्हर्लन बिस्किट खात उभा. मी पिकअपच्या मागच्या फळीवर दोन्ही काडतुसं ठेवली आणि का अडतं ते सांगितलं. दाबाचं तेवढं मुद्दाम गाळलं.

व्हर्लन हसला. "बॅरल खाल्ली ते झाकतोय. केसाएवढा फरक आहे. ह्याने काय होतंय?"

"काही होत नाही ना? मग उडवा."

त्याने बिस्किट खाली ठेवलं. स्वतःचं पिस्तूल काढलं, ते बुटकं काडतूस घेतलं, मॅगझिनच्या तोंडाशी नेलं. अंगठा तिथेच थांबला.

त्याने उडवावं असंच मला वाटत होतं. बोटं गेली असती तर गेली असती.

सगळे बघत होते. त्याने काडतूस परत फळीवर ठेवलं.

"का रे?" लायमन म्हणाले. "केसाएवढाच ना?"

"दाब वाढतो. फुटेल."

"म्हणजे काडतूस असं दबतं, हे तुला ठाऊक होतं."

व्हर्लन माझ्याकडे बघायला लागला. दाबाचं मलाही ठाऊक होतं, हे आत्ता त्याला कळलं.

"मग माझी बॅरल बदललीस तेव्हा हे दिसलं नाही?"

व्हर्लन म्हणाला, "मॅगझिन बघितलंच नाही मी."

"न बघताच पोराचं नाव घेतलंस. प्रार्थनेत."

एकेकाने आपापलं मॅगझिन काढलं, वरचं काडतूस फळीवर मांडलं. निम्मी तरी बुटकी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे.

व्हर्लन जवळ आला. हात पुढे केला. हळू म्हणाला, झालं गेलं सोड, सोमवारपासून ये.

मी हात खिशातून काढला नाही. मोठ्याने म्हटलं, "नीट बघून काम करणारा हवा असेल तर दुसरा माणूस शोधा. मी मिस ओपलकडे आहे."

तो गाडीकडे निघाला. कुणी थांब म्हणालं नाही, कुणी ये म्हणालं नाही. लोक काडतुसं घेऊन खोळंबले होते, पण त्याची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी एकाही काडतुसाला हात लावला नाही. मला ते शेवटपर्यंत बघायचं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.