मधल्या खोलीतलं वारूळ

रुखमाबाईचा राग नागावर नव्हताच. नाग बिचारा अकरा वर्षांपासून मधल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या वारुळात येऊन-जाऊन होता. राग होता नवऱ्यावर, दादाजीवर. सोमवारी वारुळाला हळद-कुंकू वाहताना नागानं फणा काढला, तर शहाण्या माणसानं हात जोडून गप्प बसावं. दादाजीनं मोबाईल काढला. व्हिडिओ केला आणि स्टेटसला ठेवला : 'आमच्या घरचे देव.'

गोंडपिपरीच्या विहीणबाईनं, म्हणजे लेकीच्या, पुनमच्या सासूनं, तो जेवणाच्या आत पाहिला.

"तुमच्या घरी देव हाय, चांगली गोष्ट हाय, इहीनबाई," ती फोनवर म्हणाली. "पण माह्या सुनेची खाट मी देवाच्या बाजूले नाई टाकू देत. आधी नाग हाकला, मंग पोरीले नेऊन जा."

पुनमला सातवा महिना सरत आला होता. रविवारी आठवा लागणार, आणि आठव्यात पोरीला गावाची वेस ओलांडू देत नाहीत. नवव्यात ह्या खड्ड्यांच्या रस्त्यानं आणायची कोणाची छाती? लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण आईच्या हातानं व्हावं, एवढंच रुखमाबाईचं मागणं होतं. त्यालाही आता नागाची परवानगी लागत होती.

तिनं वनरक्षकाला फोन केला. तो म्हणाला, "साप असंल तर माणूस पाठवतो, बाई. वारूळ आमच्याकडे येत नाही."

माणूस आला तो सुकलू. एरवी सावली गावात मोटारपंप दुरुस्त करायचा. धान साठवायच्या ढोलीमागून त्यानं चांगला पाच फुटांचा नाग आकड्यानं उचलला आणि डब्यात घातला, बाजारातून भाजी आणल्यासारखा. दादाजी ओसरीवर पाठ फिरवून बसला होता.

"झालं?" रुखमाबाईनं विचारलं.

"एक झाला. दुसरा वारुळात घुसला. शेपूट पाह्यली मी."

"मंग काढ ना, बापा."

"काढतो. तुमी वारूळ फोडा."

"तूच फोड. हे घे सब्बल."

पहार पाहून सुकलू दोन पावलं मागे सरला. "मी साप पकडतो, बाई. देव नाई पकडत."

"अन् डब्यात काय हाय?"

"डब्यात साप हाय. हळद-कुंकू लागलं का देव होते."

रुखमाबाई ओसरीवर गेली. "ऐकलं का जी?"

"मी जिता हाय तोवर वारुळाले कोणी हात नाई लावणार," दादाजी म्हणाला. "अकरा वर्सं झाले. चावला काय कोनाले?"

"तुमाले काऊन चावन? त्यालेई फोटो काढणारा पाह्यजे ना!"

दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. शनिवारी दादाजी म्हशी घेऊन बोडीच्या पाण्यावर गेला, तशी तिनं सुकलूला बोलावून घेतलं. तो आकडा धरून दारात उभा राहिला, पण तोंड भिंतीकडे. सब्बल तिनं स्वतः उचलली.

उचलली खरी, पण हात खाली येईना. पाच नागपंचम्या तिनं ह्याच वारुळापाशी नारळ फोडून पुनमसाठी लेकरू मागितलं होतं.

"तूनंच देल्लं," ती वारुळाला म्हणाली, "अन् आता तूच आडवा येऊन राह्यला. हे बरं हाय का?"

मग घाव घातला. मग दुसरा. वारूळ दगडासारखं होतं. ढिगारा व्हायला दुपार झाली. आत निघाली धानाची फोलपटं, उंदराचं वाळलेलं घर आणि अर्धी कात. नाग नव्हता.

"बिळातून निंगाला असंल," भिंतीकडे पाहतच सुकलू म्हणाला.

तिनं धुळीच्या हातानंच फोन लावला. "फोडलं, इहीनबाई. आत काईच नाई निंगालं. पाठवा पोरीले."

पलीकडून विहीणबाई म्हणाली, "काईच नाई निंगालं? मंग थो हाय कुठी?"

रुखमाबाईनं ढोलीकडे पाहिलं, सरपणाकडे पाहिलं, वर छपराच्या कवेलूकडे पाहिलं. कालपर्यंत निदान त्याचा पत्ता तरी ठाऊक होता.

"मंग मीच येतो तुमच्याकडं," ती म्हणाली. "बाळंतपण होयेपरेंत."

"लेकीच्या सासरी? राहाले?" आई लेकीच्या घरी पाणीसुद्धा विचार करून पिते, तिथं दोन-तीन महिने राहणं कोणी ऐकलं नव्हतं.

"हो. माहे तांदूळ मी घेऊन येईन."

"तांदूळ कायले?" विहीणबाईचा आवाज चढला. "आमच्या इथी काय कमी हाय का? यायचं तं नुसत्या हातानं या!"

दादाजी परतला तेव्हा पिशवी भरून दाराशी होती. त्यानं ढिगारा पाहिला, पिशवी पाहिली, आणि ओरडायचं विसरून खाली बसला.

"मी काय एकटा राहू घरात?"

"एकटे काऊन?" रुखमाबाईनं त्याची खाट ओढत ओसरीवर आणली, उशाशी बॅटरी ठेवली आणि पदर खोचला. "तुमचा देव घरातच हाय. कुठी, थे मले नका विचारू."

ती पाच वाजताच्या एसटीला निघाली.