गढूळ पाण्याला काळा

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मला पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या हॉलची भिंत क्रीम नाही, पांढरी आहे. दुसरी गोष्ट माझी गळांची पेटी उघडल्यावर कळली. उन्हाळ्यात मी रंगवलेले सगळे चंदेरी मासे चक्क निळे होते.

हे मासे लाकडाचे, बोटभर लांबीचे, पोटाखाली गळ लावलेले. ल्यूर म्हणतात त्यांना. रॉडने दूर फेकायचे आणि रीळ फिरवत ओढून आणायचे, म्हणजे खरा मासा फसून त्यांच्यावर झडप घालतो. अंबरनाथला रंगांच्या एका कंपनीत मी तीस वर्षं शेड मॅचिंगला होते. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पाठवायचा आणि मी हुबेहूब तोच रंग जुळवून द्यायचा. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी गळ टाकायला शिकले. धरलेला मासा मी परत सोडते, कारण आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. ल्यूर रंगवायला नेलपॉलिश वापरते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला होलसेलवाला सिंधी दुकानदार मोरपंखी आणि पोपटी बाटल्या बांधताना दर वेळी विचारतो, "माई, घर में शादी है क्या?" मी खुशाल हो म्हणते.

तर चूक अशी झाली. मोतीबिंदू पिकत गेला तसतसं जग पिवळं होत गेलं, पण इतकं हळू की मला पत्ताच लागला नाही. नितळ पाणी आणि कडक ऊन असलं की चंदेरी रंग लागतो, खऱ्या मासोळीसारखा. मला तो पिवळट दिसायचा, म्हणून डोळ्याला पटेपर्यंत मी निळ्याचा थेंब थेंब वाढवत गेले. वर त्यातले काही मासे आमच्या गळवाल्यांच्या ग्रुपमध्ये वाटूनही टाकले. ग्रुपचे प्रमुख दिनानाथ सर. कंपनीतही तेच माझे साहेब होते. त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मॅडमचे मासे लाँड्रीतून आलेत, नीळ जरा जास्त झालीय.' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्यांच्या हसण्याचं फार वाईट वाटलं नाही. पण आयुष्यात मला एकच गोष्ट धड येत होती, आणि तीच चुकली होती.

बाहेर आले तर माझा मुलगा शौनक जेवणाच्या टेबलाशी वाटच बघत होता. "आई, आता पुरे कर. परवा चहा कपाच्या बाहेर ओतलास. एक डोळा नवा, एक जुना, तुला अंतराचा अंदाज येत नाही. काठावरून घसरलीस म्हणजे?"

"डावा डोळा दिवाळीनंतर करायचाय. डॉक्टरच म्हणालेत, घाई नाही."

"तो झाल्यावरही नको. तुझा रॉड, ती पेटी, सगळं कल्पेशला देऊन टाकू." कल्पेश म्हणजे ग्रुपमधला सोनिवलीचा मुलगा. त्याच्या गावच्या तळ्यावरच आम्ही जातो.

"अरे, आईंना विचारशील की नाही?" माझी सून चैत्राली भाजी वाढता वाढता म्हणाली.

विचारायची वाट कोण बघतंय! मी उसळलेच. "येत्या रविवारी सगळ्यांसमोर मी रंग निवडते. सरांना त्यांचा निवडू दे. तळ्यातली पहिली मरळ माझ्या रंगाला लागली तर यापुढे तू एक अक्षर बोलायचं नाहीस. नाही लागली तर पेटी कल्पेशची."

"कबूल," शौनक म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की मला त्याचाच जास्त राग आला.

रविवारी तोच मला पालेगावच्या घरून गाडीने तळ्यावर घेऊन गेला. आभाळ भरलेलं होतं. कल्पेश काठावर उभा होता. "काकी, पानी बघा कसा चहासारका झालाय," तो म्हणाला. "वरती बिल्डरनी डोंगर खनलाय ना, पावसात सगली माती खाली आली."

दिनानाथ सरांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गढूळ पाणी, ढगाळ हवा. डोळे मिटून पोपटी." आणि त्यांनी पोपटी रबरी बेडूक दोरीला बांधला; मरळीला लाकडी माशाऐवजी तरंगता बेडूकच लावतात. ते चुकीचं बोलत होते असं नाही. गढूळ पाण्याला भडक रंग, हे सगळेच म्हणतात.

मी पेटी उघडली आणि नवा डोळा मिटला. उरला डावा, मोतीबिंदूवाला. त्याच्यातून सगळं जग त्या तळ्यासारखंच दिसत होतं, कोऱ्या चहातून बघितल्यासारखं. एकेक बेडूक मी आभाळासमोर धरला. निळा मळकट झाला. पोपटी आणि पांढरा एकमेकांत मिसळून गेले. काळा तेवढा काळाच राहिला, कडा न् कडा दिसत होती. बेडूक वर तरंगतो आणि मरळ त्याला खालून बघते, म्हणजे तिच्यासाठीही मागे आभाळच. त्या पाण्यात तिला काय दिसत असेल, ते तिथल्या कुणापेक्षाही मला जास्त ठाऊक होतं.

"काळा," मी म्हणाले.

"असल्या अंधारलेल्या दिवशी काळा?" सर हसले. "मॅडम, आधी नीळ, आता काजळ."

मी काळा बेडूक दोरीला बांधला. तो शेवाळाच्या कडेला फेकला आणि टुणटुण उडवत ओढून आणू लागले. तिसऱ्या-चौथ्या फेकीला पाणी फुटलं. मरळ अशी जोरात आली की कल्पेश ओरडला. मी झटका मारला, आणि बेडूक तिच्या तोंडातून सुटून सपकन माझ्या पायाशी येऊन पडला. घाई झाली होती. ती मला वाटली त्याहून दूर होती, तिने बेडूक अजून धड तोंडात धरलाही नव्हता.

मी पुन्हा फेकत राहिले, पण ती काही परत आली नाही. थोड्या वेळाने सरांच्या पोपटी बेडकाला मरळ लागली. चांगली हातभर. कल्पेशने ती काठावर घेतली, गळ काढला, फोटो निघाले. सरांनी ती पाण्यात सोडली आणि हात पुसत माझ्याकडे बघितलं.

"चल आई," शौनक म्हणाला. आवाज मऊ होता, पण पेटी त्याने उचललीही होती. "तूच बघितलंस. अंतर कळत नाही तुला."

"अंतर चुकलं. रंग चुकला नाही."

"काकी, मना नको ती पेटी," कल्पेश घाईघाईने म्हणाला.

"असं कसं?" दिनानाथ सर म्हणाले. "मॅडम, शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. मोडते."

सरांना ते ऐकायची सवय नव्हती. मलाही म्हणायची नव्हती. कंपनीत त्यांना एखादी शेड डोळ्याला खटकली की मी निमूट बदलायचे, माझी बरोबर आहे हे दिसत असूनसुद्धा. "आज काळा चुकला असता तरी शब्द मोडला असता," मी म्हणाले. "पुढच्या वेळी रंगही चुकेल. एकही मासा लागणार नाही. तरी मी येणार."

"मग पैज लावलीस कशाला?" शौनक वैतागून म्हणाला.

मी खरंच क्षणभर विचार केला. "यायला तुझी परवानगी लागते असं मला वाटत होतं. जिंकले असते तर तसंच वाटत राहिलं असतं. हरले ते बरं झालं."

त्याने पेटी दुसऱ्या हातात घेतली. चिडला होता, आणि घाबरलाही होता. पोराची भीती खोटी नव्हती, मला दिसत होती ती, दोन्ही डोळ्यांनी. पण ती त्याची होती. मी ती किती दिवस सांभाळायची?

इतक्यात ढग जरा फाकले आणि तळ्याच्या पलीकडच्या अंगाला ऊन पडलं.

"पेटी आण इकडे," मी काठावर बसत म्हणाले. "उजेड बदललाय."

त्याने एकदा पलीकडच्या उन्हाकडे पाहिलं. मग माझ्या बाजूला येऊन बसला आणि पेटी माझ्या मांडीवर ठेवली.