एकाआड एक वचन

पपा गेल्यावर चौथ्या रविवारी त्यांची स्मरणोपासना ठरली. आमच्या चर्चच्या मंडळीत त्या दिवशीचं शास्त्रवाचन घरच्यांनी करायचं असतं, अध्यायही घरच्यांनीच निवडायचा. मी मीखा संदेष्ट्याचा तिसरा अध्याय निवडला. त्यात पुढारी आपल्याच लोकांची कातडी सोलतात, लाच घेऊन न्याय करतात आणि वर म्हणतात, देव आमच्यात आहे, आमचं काय वाकडं होणार.

मंडळीच्या पंचकमिटीचे अध्यक्ष मोतीकाका यांनी आमच्या दफनभूमीचा मागचा भाग बिल्डरला देऊन टाकला होता. जेसीबीने जुन्या कबरी सपाट केल्या. पपा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, एकटेच विरोधात उभे राहिले. लोक त्यांना टाळू लागले.

शनिवारी मोतीकाकांनी विचारलं, "कोणता अध्याय घेतेस, निकिता?"

"मीखा, तीन."

"वा! फार सांत्वनाचा आहे." त्यांनी बायबल उघडलंही नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आईची काळजी करू नकोस. खोली मंडळीची असली तरी मी आहे तोवर तिला कोण उठवतंय? फक्त पपांसारखं काही डोक्यात घेऊ नकोस."

कंपाउंडातल्या त्या खोलीत आई छत्तीस वर्षं राहते आहे. मंडळीने ती खोली पपांच्या नावावर दिली होती. मी आईला काहीच सांगितलं नाही.

रविवारी मी पुस्तक वाचनपीठाच्या लाकडी उतारावर टेकवलं. आमच्याकडे एक वचन वाचक वाचतो, पुढचं सगळी मंडळी. पहिलं मी वाचलं. दुसरं, कातडी सोलण्याचं, सगळ्यांनी सवयीने खणखणीत वाचलं. मोतीकाकांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. चौथ्या वचनाला ते मध्येच थांबले. पानावरचं बोट तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मग मान वळवून तिसऱ्या बाकावरच्या आईकडे पाहिलं.

'येथवर शास्त्रवाचन' म्हणून मला खाली उतरता आलं असतं. मी पाचवं वाचलं.

आवाज विरळ होत गेले. दहाव्याला दोन म्हाताऱ्या उरल्या. अकरावं माझं होतं, लाचेचं. ते वाचताना एक शब्द पुन्हा उच्चारावा लागला.

बारावं मंडळीचं. तुमच्यामुळे हे नगर शेतासारखं नांगरलं जाईल, असं त्यात आहे. कोणीच वाचेना. नुसते पंखे फिरत होते.

मग आई उभी राहिली. चष्मा घरी राहिला होता. पुस्तक हातभर लांब धरून, एकेक शब्द लावत तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

बाहेर आम्हाला कोणी सलाम केला नाही. पायरीवर सगळ्यांशी हात मिळवत मोतीकाका उभे होते. आईला म्हणाले, "भागीवहिनी, उद्या जरा कमिटीकडे येऊन जा."

"येते."

रस्त्यावर आल्यावर मी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

"आई, मी तुला विचारायला हवं होतं."

"हो, विचारायला हवं होतंस."

"मला भीती वाटतेय."

"मला नाही वाटत होय?" ती चालतच राहिली. "भांडी मी बांधते. पपांची पुस्तकं तू बांध, मला ती उचलत नाहीत."