दारात उभा केलेला माणूस

आपल्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी नगरच्या सभागृहाच्या पायऱ्या चढताना कल्याण धिंदळे याच्या मनात आनंद मावत नव्हता. अकोले तालुक्यातील एका हायस्कुलात चित्रकला शिकविणाऱ्या या मनुष्याने भंडारदऱ्याच्या वरच्या वाडीतील छबूबाईंच्या जात्यावरील ओव्यांचा अनुवाद केला होता. आणि तोही दुसऱ्या भाषेत नव्हे, तर रेषेत. ओवीत जे आहे तेवढेच कागदावर यावे, जे नाही ते येऊ नये, हा त्याचा नेम.

छबूबाई स्वतः त्याच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी त्याला मोजक्याच ओव्या दिल्या होत्या. "आदी तू काय काढलंस ते बघंन, मंग बाकीच्या सांगंन," असे त्यांनी बजावले होते. त्या बाकीच्या ओव्या दुसऱ्या कोणाच्याही ओठी उरल्या नव्हत्या. म्हणून कल्याणचा सारा जीव म्हातारीच्या पसंतीवर टांगलेला होता.

त्याच्या सर्वांत आवडत्या चित्राची ओवी अशी होती:

दारी वाजल्या वहाना, कंदिलाची वात मोठी
नाव कशाला मी घेऊ, हसू आलं माझ्या ओठी

नवऱ्याचे नाव बाईने घ्यायचे नाही ही जुनी रीत. छबूबाईंनी ती धनी वारल्यावरही मोडली नव्हती. म्हणून कल्याणने उंबरा काढला, वहाणा काढल्या, उंच झालेली ज्योत काढली, जात्यावर खाली वळलेली मान काढली. आणि दाराच्या चौकटीत उभ्या माणसाएवढी जागा कोरी सोडली. कोरे सोडणे सोपे आहे, परंतु त्या कोरेपणात माणूस आल्याचा भास होणे महाकठीण! त्यापायी त्याने कितीतरी कागद फाडले होते.

आत पाऊल टाकताच तो जागीच थिजला. समोरच्या भिंतीवर त्याच चित्राचा भलामोठा फ्लेक्स लावलेला होता, आणि चौकटीत एक माणूस उभा होता. फेटा, झुपकेदार मिशा, खांद्यावर घोंगडी. छबूबाईंच्या घरातील हार घातलेल्या फोटोतला हाच तो चेहरा.

छबूबाईंनी वर पाहिले. त्यांनी झटकन पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे पाठ केली.

"कल्याण, भर सभेत ह्यांना हितं कोनी उभं केलं रं?"

इतक्यात प्रदर्शन भरविणाऱ्या मंडळाच्या कार्यवाह वृषालीताई हसतमुखाने पुढे आल्या. "आजी, ओळखलंत ना? तुमच्या कानिफनाथनंच मोबाईलवर फोटो पाठवला. वडिलांचा मान होतोय म्हणून किती खूश झाला होता!"

"ताई, हे माझं चित्र नाही," कल्याण म्हणाला.

"अहो सर, तुमचंच आहे. दाराची जागा तेवढी राहिली होती, ती आमच्या डिझायनरनं भरली."

"राहिली नव्हती. सोडली होती."

"पण कोण आलंय ते लोकांना कळायला नको? अनुवाद कशासाठी असतो मग?"

कल्याणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ज्या बाईनं उभ्या जन्मात जे नाव ओठांबाहेर काढलं नाही, त्याचं तोंड तुम्ही भिंतीवर लावलंत! याला अनुवाद म्हणत नाहीत, ताई. याला चहाडी म्हणतात!"

"आवाज खाली, सर. पाहुणे गाडीतून उतरताहेत. उद्घाटन होऊ द्या, उद्या काढू."

"म्हणजे आज साऱ्या नगरानं बघून घ्यावं?"

"शिकलेले तुम्ही, आणि नाव न घेण्याच्या रीतीचं एवढं कौतुक?"

"रीत चांगली की वाईट, तो निवाडा तुम्ही खुशाल वेगळा करा. पण ओवी तिच्यातच उमललीय. नाव घेता येत नाही, म्हणून तर हसू आलं! माणूस दाखवलात आणि हसूच मारलंत. उरली ती जाहिरात."

एवढे बोलून त्याने खुर्ची ओढली, वर चढून दोरी तोडली, आणि तो अजस्र फ्लेक्स स्वागताच्या टेबलावर, हारतुऱ्यांसकट, धाडकन कोसळला. पाहुणे दारातच थबकले.

"काय हा रानटीपणा!" वृषालीताई किंचाळल्या.

"असेल. माझं मूळ चित्र द्या."

कपाटातून काढलेला कागद छातीशी धरून तो बाहेर आला. छबूबाई केव्हाच बाहेर येऊन फाटकापाशी कट्ट्यावर बसल्या होत्या. त्याने कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पदर जरासा सारला आणि कितीतरी वेळ पाहिले.

"व्हय. आस्संच हुतं. वहाना वाजायच्या, आन मी मान वर करायचीच न्हाई."

कल्याणच्या जीवात जीव आला. "मग मावशी, बाकीच्या ओव्या?"

"न्हाई."

"यात माझा काय अपराध?"

"तुझा कुटला रं लेकरा? माझ्याच पोटच्यानं फोटू दिला. पन तू कागुद मोकळा सोडतोस, आन मोकळं दिसलं की ह्या लोकांच्या हाताला खाज सुटती. आज ह्यांना उभं केलं, उद्या माझी सासू बसवतील. माझ्या ओव्या माझ्यासंगं जातील."

तो विनवणी करू शकला असता. परंतु कोणत्या तोंडाने? त्याने रिक्षा थांबविली, म्हातारीला हात देऊन बसविले. सभागृहातून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. अनुवादावरचे भाषण सुरू झाले होते.

"चला हो, काय बघताय?" तो रिक्षावाल्यावरच खेकसला. "स्टँडला घ्या!"